देल्मीचं जावळ आणि वरचे पाहुणे

सहा वर्षं झाली तरी देल्मीच्या केसांना कात्री लागली नव्हती. जन्माचं जावळ तसंच डोक्यावर वाढत राहिलं होतं आणि आता त्याची लोकर झाली होती. साधी लोकरही नाही, पावसात भिजून तशीच वाळलेली. कंगवा आत शिरत नसे, आणि शिरलाच तर परत येत नसे. झोपेत कूस बदलली की पोरगी कळवळायची, आणि तिच्या आजीला, बासिलियाला, उशाशी बसून हातानेच गाठी सैल करत बसावं लागे.

मागच्या वर्षी शाळेच्या बाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. "राग मानू नका बासिलियाकाकी," बाई म्हणाल्या होत्या, "पण हिच्या डोक्यात आणखी किती जण राहतात ते मला ठाऊक नाही, आणि त्या सगळ्यांची हजेरी मी घेऊ शकत नाही. जावळ उतरवून आणा. त्याच दिवशी नाव घालते. पण पुढच्या वर्षीही असंच आणलंत तर मात्र मी दुसऱ्या मुलाला जागा देईन."

ते पुढचं वर्ष आता उद्या, सोमवारी, सुरू होत होतं.

जावळ उतरवायला बासिलियाची कधीच ना नव्हती. तिचं अडलं होतं नवऱ्यापाशी, आणि नवऱ्याचं अडलं होतं आकाशापाशी.

त्यांच्या डोंगरातल्या गावात, सोरापात्यात, जावळाची पहिली बट पाद्रिनोने कापायची असते. पाद्रिनो म्हणजे मुलाचा मानलेला बाप. त्याची कात्री चालली की मग गावाने एकेक बट कापायची. त्याच्या आधी कोणी हात लावला तर पोराची वाचा जाते म्हणतात. खरंच जाते का, ते कोणी करून पाहिलेलं नाही. आणि एकदा पहिली बट कापली की तो माणूस मुलाच्या घरच्यांचा कोम्पाद्रे होतो, सख्ख्या भावापेक्षा जवळचा. कोम्पाद्रेशी भांडण नाही, त्याच्या शेताचं पाणी वळवणं नाही, त्याच्या मेंढ्यांना दगड मारणं नाही.

बासिलियाच्या नवऱ्याने, सातुर्निनोने, ह्या रीतीवर विचार केला होता. तो गावाच्या स्वागत समितीचा अध्यक्ष होता. स्वागत करायचं होतं ते वरच्यांचं, म्हणजे आकाशातून येणाऱ्यांचं. वरचे आहेत की नाहीत, हा प्रश्न सोरापात्यात कोणाला पडला नव्हता. क्रूसाच्या टेकडीवरचे दिवे सगळ्यांनीच पाहिले होते. वाद होता तो ते खाली उतरल्यावर माणसांशी कसे वागतील, ह्याचा.

"खाणीत घालतील," बस दुरुस्त करणारा एपिफानियो दर बैठकीत सांगायचा. "इतक्या लांबून कोणी उगीच येत नाही. लांबून येणारा खाणीसाठीच येतो."

"खातील," कासिल्दा म्हणायची. गावजेवणाच्या स्वयंपाकाचा सगळा कारभार तिच्याकडे होता आणि तिचा जगाकडे पाहण्याचा कोन तोच होता. "आणि सुरुवात तुझ्यापासून करतील, एपिफानियो."

"माझ्यापासून का म्हणून?"

"तुला पळता येत नाही म्हणून."

सातुर्निनो हे सगळं ऐकून घ्यायचा आणि मग टोपी काढून मांडीवर ठेवायचा. टोपी काढली की भाषण येणार, हे समितीला माहीत होतं. "मागे समुद्रावरून माणसं आली, तेव्हा आपल्या पूर्वजांनी काय केलं? सोनं दाखवलं. चुकलं ते तिथे. सोनं दाखवलं की माणूस चोर होतो. केस दाखवले की नातेवाईक होतो. ह्या खेपेला आपण केस दाखवू."

केस कोणाचे, हे त्याने देल्मीच्या पाळण्यापाशी उभं राहून ठरवलं होतं. वरचे येतील, पहिली बट कापतील, कोम्पाद्रे होतील, मग काय बिशाद आहे त्यांची कोणाला खाणीत घालायची. बासिलियाने तेव्हा हळूच एवढंच विचारलं होतं, "ते देवाला मानतात का, अहो?"

"आल्यावर विचारू की."

देल्मी तीन वर्षांची झाल्यापासून दर वर्षी निरोप जात होता. निरोप पाठवायची वाट एकच होती. जिल्ह्याच्या रेडिओवर सकाळी गावोगावचे निरोप वाचून दाखवतात, आणि तिथला निवेदक कोणताही निरोप कधीही हसून वाचत नाही. "आन्सेल्मासाठी निरोप, तुझी काळी मेंढी सापडली, येऊन घेऊन जाणे. वरच्या लोकांसाठी सोरापात्याहून निरोप, रविवारी सकाळी ठीक दहा वाजता क्रूसाच्या टेकडीवर आमच्या नातीचं जावळ योजलं आहे. आपण पाद्रिनो व्हावं. सहकुटुंब येणे." तीन वर्षं निरोप गेला, तीन वर्षं टेकडीवर जमिनीतली भट्टी लागली, गाव वर बघत बसलं आणि संध्याकाळी माना चोळत खाली उतरलं. देल्मीचे आईबाप आरेकिपा शहरात बाजारात कामाला होते. ते पहिल्या दोन वेळा रजा काढून आले. तिसऱ्या वेळी एकटी आई आली. ह्या वेळी त्यांनी कळवलं होतं, केस कापले गेले तर फोटो पाठवा.

बासिलियाने मग आपल्या परीने उपाय केला. ती नेमाची बाई होती. पहाटे उठून कान्देलारिया मातेपुढे मेणबत्ती, त्याशिवाय चूल नाही; शुक्रवारी मांस नाही; आणि हातात जपमाळ असेपर्यंत तोंडातून दुसरा शब्द नाही, मग घराला आग लागो. एकदा खरंच छपराने पेट घेतला होता तेव्हा तिने हातवारे करून शेजाऱ्यांना बोलावलं होतं, पण माळ सोडली नव्हती. तिने मातेला नऊ दिवसांचा नेम बोलला. शाळेच्या आधी पोरीचं डोकं हलकं होऊ दे, मग पाद्रिनो कोणी का असेना. नववा दिवस रविवार होता, आणि नवव्या दिवसाची माळ उपाशीपोटी, टेकडीवरच्या क्रूसाखाली, ऊन डोक्यावर यायच्या आत पुरी करायची होती.

म्हणून त्या रविवारी ती नऊ वाजताच निघाली. वर जातेच आहे तर बटाटेही घेऊन जा, असं कासिल्दाने सांगून ठेवलं होतं. बासिलियाने तीन पोती गाढवांवर चढवली. देल्मीच्या जटेतून कशाबशा वीस बटा वेगळ्या काढून त्यांना रंगीत फिती बांधल्या, आणि कात्रीचं तबक फडक्यात गुंडाळून घेतलं.

सातुर्निनो पलंगाखाली शिरला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. "एवढ्या लवकर कुठे निघालीस?"

"माझा नेम आहे. आणि दहाचा निरोप आहे ना?"

"तेच म्हणतोय मी. दहाचं आहे. आत्ता नऊ वाजलेत." पलंगाखालून हात बाहेर आला आणि जमीन चाचपून परत गेला. "माझा दुसरा बूट पाहिलास?"

टेकडीवर वारा होता. बासिलियाने पोती मोठ्या दगडापाशी उतरवली, देल्मीला गाढवांकडे लक्ष ठेवायला बसवलं आणि क्रूसासमोर गुडघे टेकले. पहिली माळ झाली. दुसरीच्या मध्यावर गाढवांनी एकदम कान उभारले, आणि मागून निवेदकाचा आवाज आला. तोच तो, जिल्ह्याच्या रेडिओवरचा, भरदार आणि जरा सर्दी झाल्यासारखा.

"शुभ सकाळ, श्रोतेहो. सकाळचे ठीक दहा वाजले आहेत."

बासिलियाने मान वळवली. गवतावर घमेलं पालथं घालावं तसं काहीतरी पडलं होतं आणि त्यातून वाफ निघत होती. त्याच्यापुढे दोघे जण उभे होते. एक उंच, एक बुटका. ओल्या पाटीच्या रंगाचे. तो कपडा होता की कातडी, हे निरखून पाहणं बरं दिसलं नसतं. गुडघे कोंबडीसारखे मागे वळलेले. डोळे मोजायला गेलं तर जास्तच होते, पण सगळे सौम्य. बासिलिया दचकली, नाही असं नाही. पण देवळातल्या संताचं नाक उंदरांनी खाल्लेलं असूनही ती त्याला रोज नमस्कार करत होती. चेहऱ्यावरून कोणाला जोखायची तिला सवय नव्हती. आणि माळ हातात होती. तिने तळहात दाखवून थांबायची खूण केली आणि हनुवटीने दगड दाखवला. बसा तिथे.

दगडापाशी पोती होती आणि पोत्यांवर सुरी होती. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, खुणेचा आपल्या परीने अर्थ लावला आणि पहिला बटाटा सोलायला घेतला.

हे बटाटे भट्टीचे होते. तापलेल्या दगडांवर सालीसकट टाकायचे आणि वरून माती लोटायची. सोललेला बटाटा त्या मातीत गेला तर बटाटा कुठला आणि ढेकूळ कुठलं हे बिशपलाही सांगता आलं नसतं. तिने जोरजोराने मान हलवली. पाहुण्यांनीही आदराने तशीच मान हलवली आणि हात भराभर चालवले. हात पुष्कळ होते, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

बोलावं का मध्येच? नवव्या दिवशी, शेवटच्या माळेत? तिने डोळे घट्ट मिटले आणि आयुष्यात कधी म्हटली नव्हती इतक्या घाईने माळ म्हटली. ती मातेने धरली की नाही, ह्याची टोचणी तिला पुढे बरेच दिवस होती. डोळे उघडले तेव्हा दोन पोती झाली होती, तिसरं अर्ध्यावर आलं होतं, आणि सालींच्या लांबच लांब अखंड पट्ट्या दगडावर ओळीने वाळत घातल्या होत्या. देल्मी त्यांच्या शेजारी बसून बटाटे पुरवत होती.

"पुरे हो, पुरे," बासिलिया म्हणाली. "कशाला एवढा त्रास घेतलात. बसा. गुडघ्यांना जमेल तसे बसा."

"धन्यवाद, श्रोतेबाई," उंच पाहुणा त्याच निवेदकाच्या आवाजात म्हणाला. "आपल्या निरोपाला मान देऊन आम्ही आलो आहोत. ह्यापूर्वी तीनदा आलो होतो."

"तीनदा?"

"ठीक दहा वाजता. कोणीही नव्हतं. तासभर थांबलो, आणि आमचा कार्यक्रम तिथेच संपवला."

बासिलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं हे बिचारे इथे उन्हात बसून गेले, आणि दोन तासांनी गाव वाजतगाजत आलं आणि म्हणालं, बघा, आलेच नाहीत. "अहो, आम्ही येतो ना. एक वाजेपर्यंत सगळे येतात."

"निरोपात दहा होते."

"दहा होतेच. पण दहा हे…" ती अडखळली. इतकी वर्षं जगली, पण हे कोणाला समजावून सांगायची वेळ तिच्यावर आली नव्हती. "दहा म्हटलं म्हणजे लोक बाराला निघतात."

"मग बारा म्हटलं तर?"

"तर जेवून झोपतात."

पाहुण्यांनी ह्यावर बराच विचार केला. बुटका म्हणाला, "आम्ही तर वर कळवून टाकलं, की ह्या ठिकाणी रेडिओ आहे, पण माणसं नाहीत."

"मग रेडिओ कोण चालवतं असं वाटलं तुम्हाला?"

"त्याबद्दल आमच्यात दोन मतं आहेत."

बासिलियाला वाटलं, आता विचारूनच घ्यावं. समिती सहा वर्षं भांडतेय, आणि ज्यांना ठाऊक ते समोर बसलेत. "एक विचारू? रागावू नका. तुम्ही आमच्याशी कसे वागणार आहात? आमच्यात कोणी म्हणतं खाणीत घालाल, कोणी म्हणतं खाल."

"ते ठरलेलं नाही," उंच म्हणाला. "माणसं नाहीत असंच धरून चाललो होतो. कसं वागायचं असतं?"

असा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. समितीत टोपी मांडीवर ठेवून बोलणारे पुष्कळ होते. आणि सांगायची वेळ आली तेव्हा टेकडीवर होती ती उपाशीपोटी बासिलिया. तिला जे माहीत होतं तेच तिने सांगितलं. "पाद्रिनो झालात तर मुलीला वेळप्रसंगी रागवायचं, पण हात उचलायचा नाही. आजारी पडली तर विचारपूस करायची. शाळेचे पहिले बूट द्यायचे. आणि तिच्या माणसांशी कधी भांडायचं नाही."

"तिची माणसं म्हणजे किती?"

"नात्यातली."

"नात्यातली म्हणजे किती?"

बासिलियाने आधी देल्मीच्या आईबापांना मोजलं, मग काका-मामांना, मग एपिफानियोला, तो आईकडून लांबचा. तिथे थांबता आलं असतं. पण क्रूसाखाली बसून अर्धवट उत्तर द्यायला तिचं मन घेईना. "आदामापासून धरलं तर सगळेच," ती म्हणाली.

"सगळे?"

"सगळे. म्हणजे काही जण वाईट आहेत. पण नात्यातच आहेत."

पाहुणे एकमेकांशी काहीतरी बोलले. मध्येच साबणाच्या जाहिरातीचं एक कडवं ऐकू आलं. ते त्यांच्या बोलण्याचाच भाग असावं. मग उंच म्हणाला, "चालेल. सगळ्यांशी भांडणार नाही."

"आणि देवाला मानता ना?"

"रोज सकाळी सहा वाजता रेडिओवर प्रार्थना असते. ती आम्ही एकदाही चुकवलेली नाही."

सोरापात्यात असं म्हणू शकणारी दुसरी व्यक्ती फक्त ती स्वतः होती. तिचा जीव भांड्यात पडला.

"दहा वाजून त्रेचाळीस मिनिटं," बुटका म्हणाला. "अकराला आम्हाला दुसरीकडे पोचायचं आहे."

"एक वाजेपर्यंत थांबता आलं असतं तर…" तिचा आवाज खाली आला. "माझे यजमान तुमची सहा वर्षं वाट बघतायत."

"तिकडेही वेळ दिली आहे. तिथे कधी कोणी नसतं, पण दिलेली वेळ ती दिलेली."

बासिलियाने टेकडीखाली पाहिलं. वाट रिकामी होती. गावातून ढोलांचा आवाजसुद्धा अजून सुरू झाला नव्हता. तो बिचारा माणूस पलंगाखालून बाहेर आला असेल की नाही, कोण जाणे. त्याच्यावाचून हे उरकलं तर त्याचं काय होईल, ते तिला ठाऊक होतं. आणि नाही उरकलं तर उद्या शाळेत काय होईल, तेही. तिने डोळे मिटून मातेचं नाव घेतलं आणि तबकावरचं फडकं काढलं.

"देल्मी, ये बाळ इकडे."

देल्मी आली आणि उंच पाहुण्याला निरखत उभी राहिली. "दुखेल का?"

"पाद्रिनोला अहोजाहो करायचं," आजी म्हणाली.

"दुखेल का हो?"

"आम्हाला अनुभव नाही," पाहुणा म्हणाला, आणि कात्री हातात घेतली. ती त्याने तीन हातांनी धरली. करकन आवाज झाला. लाल फितीची बट तबकात पडली. देल्मीने डोक्याला हात लावला, बट गेलेली जागा चाचपली, आणि हसली.

"रीतीप्रमाणे पाद्रिनोने कोकरू द्यायचं असतं," बासिलियाने सांगितलं, "पण ऐपतीप्रमाणे. घाई नाही."

"कोकरू आत्ता जवळ नाही. पुढच्या खेपेला आणू." ते कोणाचं, कुठून आणि किती पायांचं आणतील ह्याची धास्ती तिला वाटली, पण ती काही बोलली नाही. "श्रोतेहो, आमचा कार्यक्रम आता इथेच संपतो. नमस्कार." घमेलं गवतावरून उचललं गेलं आणि वाफेसकट दिसेनासं झालं. गाढवं पुन्हा चरायला लागली.

सव्वाएकला गाव आलं. पुढे ढोल आणि बासऱ्या, मध्ये चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, घडे, मागे दोन्ही बूट घातलेला सातुर्निनो. तो थेट वरच बघत चालत होता, त्यामुळे दोनदा ठेचकाळला.

"थांबा, खुर्ची इथे मांडा, पाद्रिनोची," तो म्हणाला. "तोंड पूर्वेकडे. ढोलवाले, आकाशात काही दिसलं की लगेच सुरू करा."

"अहो," बासिलिया म्हणाली, "ते येऊन गेले."

"कोण?"

"वरचे. दहाला आले होते."

ढोलवाल्यांनी काठ्या खाली घेतल्या. मग एपिफानियो हसायला लागला. "दहाला? बासिलियाकाकी, दहाला कोण येतं?"

"निरोप दहाचा होता."

"तो होताच की. मीच लिहून दिला." सातुर्निनो तिच्याकडे बघत राहिला. गावातल्या प्रत्येकाने वरचे मानले होते. त्यांचं आकाशातून येणं, त्यांचे दिवे, त्यांची विमानं, सगळं मानलं होतं. पण दहा सांगितल्यावर कोणी दहाला येतं, हे त्यांना गिळवेना. मग सातुर्निनोची नजर देल्मीच्या डोक्यावर गेली. लाल फीत नव्हती. त्याचा चेहरा उतरला.

"तू कापलीस," तो हळू आवाजात म्हणाला.

"नाही हो. त्यांनी."

"उद्याची शाळा म्हणून तू कापलीस. मला कळतंय गं. पण मला विचारायचंस तरी." तो रिकाम्या खुर्चीकडे वळला. "आता पाद्रिनोच नाही, तर दुसरी बट कोण कापणार? आवरा सगळं. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी म्हटल्यावर देल्मीने आजीच्या झग्यात तोंड खुपसलं. बासिलिया शपथ घेणाऱ्यांतली नव्हती. शपथेवाचून जे खरं वाटत नाही ते शपथेनेही वाटत नाही, असं तिचं मत होतं. ती नुसती पोरीच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली.

तेवढ्यात दगडामागून कासिल्दाचा आवाज आला. "हे कोणी केलं?"

ती दोन्ही हातांत एकेक बटाटा घेऊन आली. पांढरेधोप, गुळगुळीत, डोळा न राहिलेले. "अडीच पोती सोललीत. भट्टीचे बटाटे. बासिलिया, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? हे आता मातीत घालू की तुझ्या पदरात घालू?"

"मी नाही सोलले. माझी माळ चालली होती, मला बोलता येईना. त्यांनी सोलले."

"अगं, पण भट्टीचे बटाटे कोणी…" कासिल्दा म्हणाली आणि मध्येच थांबली. तिने हातातल्या बटाट्यांकडे पाहिलं. मग दगडावरच्या सालींच्या पट्ट्यांकडे पाहिलं. एक पट्टी उचलून उन्हात धरली. पलीकडचा क्रूस दिसला. ती बाकीच्या बायकांकडे वळली, आणि बायका एकेक करून पुढे आल्या, पोत्यात हात घालून पाहू लागल्या.

"एका सकाळीत?" एक म्हणाली.

"वेळेचं राहू दे. भट्टीचे बटाटे सोलायचं आपल्यात कोणाच्या मनात तरी येईल का?" कासिल्दा म्हणाली. "दारू प्यायलेला एपिफानियोसुद्धा सोलणार नाही."

"मला का मध्ये आणता दर वेळी?"

"ही बासिलिया. पन्नास वर्षं माझ्या शेजारी भट्टी लावतेय. चिडून, भांडून, वेड लागूनसुद्धा ती असं करणार नाही. ज्याने आयुष्यात कधी भट्टी पाहिली नाही, त्यानेच केलंय हे. सातुर्निनो, इथे परका माणूस येऊन गेला."

सातुर्निनोने तिच्या हातातून बटाटा घेतला. तो उलटसुलट करून पाहिला. मग खाली बसला, पाद्रिनोच्या खुर्चीवर नव्हे, तिच्या शेजारी गवतात. टोपी काढून मांडीवर ठेवली, पण भाषण आलं नाही.

"किती वेळ होते?" त्याने विचारलं.

"तासभर. मागेही तीनदा येऊन तासतासभर थांबले होते म्हणे."

"आणि मी कुठे होतो गं दहाला?"

"घरी. बूट शोधत होता."

त्याने मान खाली घातली. गावाने आपापल्या पायांकडे पाहिलं, कारण दहाला प्रत्येक जण कुठे होता ते प्रत्येकाला आठवत होतं. बासिलिया त्याच्याजवळ बसली. "चांगले होते हो. शांत. सहाची प्रार्थना चुकवत नाहीत. आणि कोणाशी भांडणार नाही म्हणाले."

"आपल्याशी?"

"मी सगळे म्हणून सांगितलं. आदामापासूनचे."

सातुर्निनोने मान वर केली. "खाणवाल्यांनाही धरलंस त्यात?"

"राहिले असते बाहेर, पण मग कुठे थांबायचं ते कळेना."

तो हसला. हसताना डोळे पुसायचे असतात, ते त्याने पुसले. मग उठला, देल्मीला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, तबकातली कात्री घेतली आणि निळ्या फितीची बट हातात धरली. "कोम्पाद्रेने आपलं काम केलं," तो गावाला म्हणाला. "आता आपलं करू. ढोलवाले, वाजवा. आकाशाकडे काय बघताय? इकडे बघा."

संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस बटा उतरल्या, आणि मग राहिलेली जटा. एपिफानियोने बसचा पत्रा कापावा तशी कापली, कासिल्दाने कोथिंबिरीसारखी. भट्टी लागली नाही. तीन मोठी पातेली मागवून सूप केलं, आणि बटाट्यांना डोळा नव्हता ह्याबद्दल कासिल्दाने खाताना दोनदा नाखुशीने कौतुक केलं. समितीने तिथेच ठरवलं की पुढच्या वेळी कोम्पाद्रेला एकचा निरोप पाठवायचा. एपिफानियो म्हणाला, मग आपण चारला येऊ. त्यावर मतदान झालं नाही.

सोमवारी शाळा आठची होती. देल्मी सातपासूनच दारात उभी होती. "आजी, आठ म्हणजे आठ ना?"

"हो बाळ," बासिलिया म्हणाली, आणि मेणबत्ती विझवून निघाली.

त्या पोचल्या तेव्हा शाळेला कुलूप होतं. दोघी पायरीवर बसल्या. देल्मीच्या मानेवर पहिल्यांदाच वारा लागत होता. ती मधूनमधून खांदे वर उचलून त्याची गंमत घेत होती. बाई पावणेनऊला आल्या, किल्ली शोधत. त्यांनी देल्मीला ओळखलंच नाही. मग ओळखलं, आणि तिची हनुवटी धरून डोकं इकडेतिकडे वळवून पाहिलं.

"अगं, कोणी कापले इतके वेडेवाकडे?"

"गावाने," देल्मी म्हणाली, आणि कानामागच्या एका जागेवर बोट ठेवलं. "हे एवढं सरळ आहे बघा बाई. हे माझ्या पाद्रिनोंनी कापलं. ते वेळेवर आले होते."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, कुलूप उघडलं, आणि आत जाऊन वहीत तिचं नाव घातलं.